पार्माचे ताट आणि अमेरिकेचा खेळ

1 जानेवारी 1945 रोजी फ्लॉरेन्सच्या स्टेडियममध्ये अमेरिकी सैन्याच्या दोन संघांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. एका बाजूला पाचवी आर्मी होती आणि दुसऱ्या बाजूला बारावे हवाई दल. शहराच्या उत्तरेला अपेनाइन डोंगरांत जर्मन फौजांशी लढाई चालूच होती. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या सैनिकांना नववर्षाच्या दिवशी घरची आठवण जरा सुसह्य व्हावी, एवढाच या सामन्याचा हेतू. पाचव्या आर्मीने तो 20-0 असा जिंकला. सामन्याला नाव दिले होते ‘स्पॅगेटी बाउल’. (अमेरिकेत मोठ्या सामन्यांना ‘बाउल’ म्हणतात ते खाण्याच्या वाडग्यावरून नाही. येल विद्यापीठाने 1914 मध्ये वाडग्याच्या आकाराचे स्टेडियम बांधले, तिथून हा शब्द रुळला. जपानी लोकांनी मात्र आपल्या सामन्याला सरळ ‘राइस बाउल’ म्हणून टाकले.) नाव स्पॅगेटीचे असले तरी खेळणारे अमेरिकन होते आणि बघणारे बहुतेक सैनिक. युद्ध संपले, सैनिक परतले आणि चेंडूही त्यांच्याबरोबर गेला. इटालियन तरुणांनी स्वतःचा संघ उभा करायला त्यानंतर तीसेक वर्षे लागली. मिलानचा ‘ऱ्हायनोज’ क्लब 1977 मध्ये निघाला आणि 1981 मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती त्यानेच जिंकली.

आज परिस्थिती अशी आहे की दरवर्षी अमेरिकन प्रशिक्षक युरोपात शिबिरे घ्यायला जातात. कुणी आठवड्यासाठी जातो, कुणी सबंध हंगामासाठी. पैसा बेताचा असतो. राहायला खोली, थोडे मानधन आणि जेवण, असा साधारण करार असतो. परत आल्यावर ही मंडळी खेळाबद्दल दोन वाक्ये बोलतात आणि जेवणाबद्दल वीस. त्यामुळे ऐकणाऱ्याचा समज होतो की शिबिर हे निमित्त आणि खरी चैन ताटाची. मला हा समज उलटा वाटतो. अमेरिकन फुटबॉलसारखा खेळ परक्या मुलखात रुजवायचा असेल तर तिथल्या लोकांबरोबर, तिथल्या वेळेला, तिथले अन्न जेवणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. ज्यांनी तो वगळला त्यांचे काम टिकलेले दिसत नाही.

यासाठी आधी हा खेळ शिकवायला इतका अवघड का, ते पाहावे लागेल. फुटबॉल, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो, चेंडू टाकला की सुरू होतो. कबड्डीचे नियम पाच मिनिटांत सांगून होतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा जणांना अकरा वेगळी कामे असतात आणि त्यांतल्या निम्म्या लोकांचा चेंडूला हातही लागत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत संपतो, मग खेळ थांबतो आणि पुढची चाल ठरते. टीव्हीवर तीन तास चालणाऱ्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम 11 मिनिटे. उरलेला वेळ बोलण्याचा. प्रत्येक चालीला नाव असते, त्या नावात कुणी कुठे धावायचे हे दडलेले असते आणि अशा शेकडो चालींची वही खेळाडूने पाठ करायची असते. खेळाडू गोल करून डोकी जुळवतात, त्याला हडल म्हणतात. ती पद्धत पडली वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात, 1890 च्या दशकात. आपल्या हातवाऱ्यांची भाषा समोरच्या संघाला दिसू नये म्हणून तिथला क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा मुख्य खेळाडू, पॉल हबर्ड याने सगळ्यांना गोलात उभे केले. म्हणजे या खेळाचा सर्वांत ओळखीचा देखावाच मुळी भाषेच्या अडचणीतून जन्मलेला आहे. अशा खेळाचा प्रशिक्षक भाषा न येणाऱ्या गावात जातो, तेव्हा तो नुसते धावणे-पकडणे शिकवायला आलेला नसतो. त्याला एक पूर्ण शब्दसंग्रह आणि एक विचारपद्धत हस्तांतरित करायची असते. शिट्टीच्या जोरावर हे होत नाही.

आता पार्मा घेऊ. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यातले हे शहर खाण्यासाठी जगभर ओळखले जाते. युनेस्कोने 2015 मध्ये त्याला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली आणि युरोपीय महासंघाचे अन्नसुरक्षा प्राधिकरणही इथेच आहे. पार्मिजानो रेज्जानो चीज या टापूतले. त्याचे एक चाक साधारण 40 किलोचे, त्याला पाचशे लिटरहून जास्त दूध लागते आणि किमान 12 महिने ते मुरवावे लागते. मुरल्यावर तपासनीस हातोडीने ठोकून आवाज ऐकतो आणि आत पोकळी किंवा भेग आहे का ते सांगतो. (शाकाहारी वाचकांनी एक लक्षात ठेवावे, हे चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात.) प्रोशुत्तो म्हणजे डुकराची मांडी, तिला मीठ आणि हवा यांखेरीज काही लागत नाही, पण वर्षाहून जास्त काळ लागतो. तोर्ता फ्रित्ता ही आपल्या पुरीची बहीण शोभेल अशी तळून फुगवलेली चौकोनी पोळी, तिच्यावर प्रोशुत्तोची पातळ चकती ठेवून खातात. पालेभाजी आणि ताज्या चीजचे सारण भरलेली तोर्तेल्ली लोण्यात न्हाऊन ताटात येते. सोबत लाम्ब्रुस्को ही फेसाळ लाल वाइन. हे सगळे एकापाठोपाठ एक, सावकाश, रात्री आठ-नऊनंतर.

या गावात 1981 पासून ‘पँथर्स’ नावाचा अमेरिकन फुटबॉलचा क्लब आहे. जॉन ग्रिशॅम हा अमेरिकन कादंबरीकार ‘द ब्रोकर’साठी बोलोन्यात माहिती गोळा करत असताना त्याला इटलीतल्या या खेळाचा पत्ता लागला आणि त्यातून 2007 मध्ये ‘प्लेइंग फॉर पिझ्झा’ ही कादंबरी आली. अमेरिकेत नाचक्की झालेला एक क्वार्टरबॅक पार्मात खेळायला येतो, अशी ती गोष्ट. शीर्षकातला विनोद खरा आहे, कारण इटालियन खेळाडूंना पगार नसतो. सामना झाला की पिझ्झा आणि बिअर, हीच कमाई. कादंबरीतल्या पँथर्सची भरारी त्या वेळी कल्पनेतली होती. खऱ्या पँथर्सनी पहिले राष्ट्रीय विजेतेपद 2010 मध्ये मिळवले आणि 2013 पर्यंत सलग चार वेळा राखले. वास्तवाने कादंबरीची उसनवारी अशी क्वचितच फेडलेली दिसते.

पगार नसणे ही इथली कळीची बाब आहे. अमेरिकन महाविद्यालयातला खेळाडू शिष्यवृत्तीने, व्यावसायिक खेळाडू कराराने बांधलेला असतो. प्रशिक्षक ओरडला तरी तो जागचा हलत नाही. इटलीतला खेळाडू दिवसभर कारखान्यात, दुकानात किंवा विद्यापीठात असतो, वर्गणी भरतो, हेल्मेट आणि खांद्याची पॅडे बहुधा स्वतः विकत घेतो आणि रात्री सरावाला येतो. उद्या तो आला नाही तर त्याला कोण काय करणार? त्याला बांधून ठेवणारी एकच गोष्ट असते, मंडळी. आणि मंडळी जमते ती सरावानंतरच्या टेबलाभोवती. रग्बीवाल्यांनी यासाठी ‘तेर्झो तेम्पो’ म्हणजे ‘तिसरा अर्ध’ असा गमतीचा शब्द केला आहे. दोन अर्ध मैदानावर, तिसरा प्रतिस्पर्ध्यांसोबत जेवताना. पार्मा हे रग्बीचे जुने गाव, त्यामुळे ही रीत तिथे कुणाला शिकवावी लागत नाही. जो प्रशिक्षक सराव संपताच हॉटेलात जाऊन झोपतो, तो क्लबचा तिसरा अर्ध बुडवतो.

टेबलावर नक्की घडते काय? मैदानावर प्रशिक्षकाचे वाक्य हुकूम असते. दुभाषी ते निम्मे करून सांगतो, खेळाडू मान डोलावतो आणि न समजताच रांगेत उभा राहतो, कारण मागचे चाळीस जण थांबलेले असतात. शंका विचारायला तिथे जागाच नसते. दोन तासांच्या जेवणात ती निघते. मिठाची बाटली क्वार्टरबॅक होते, काटे-चमचे बचावपटू होतात आणि ‘हा इथे गेला तर मी काय करायचे’ हा प्रश्न पहिल्यांदा मोकळेपणाने विचारला जातो. उलट्या दिशेनेही माहिती वाहते. कोणता मुलगा रग्बीतून आला आहे, कुणाला पालकांचा विरोध आहे, कोण रात्रपाळी करून आला आहे, हे प्रशिक्षकाला कुठल्याही अर्जात सापडणार नाही. यातल्या रग्बीच्या माहितीची किंमत तर थेट खेळात आहे. हेल्मेटच्या भरवशावर डोके घालून भिडण्याची सवय अमेरिकेत धोक्याची ठरली, मेंदूच्या इजांवरून मोठा गदारोळ झाला आणि 2014 मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाने रग्बीच्या धर्तीवर खांद्याने पकड घेण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. पार्मातल्या रग्बीतून आलेल्या मुलांना ते लहानपणापासून येते. ऐकून घेणाऱ्या प्रशिक्षकाला इथे शिकवण्याइतकेच शिकायलाही मिळते.

आता या म्हणण्याला पुरावा काय? एक मोठा प्रयोग आपल्या समोर आहे. अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक लीगने 1991 पासून युरोपात स्वतःचे संघ उभे केले. लंडन, बार्सिलोना, फ्रँकफर्ट, पुढे अ‍ॅमस्टरडॅम, ड्युसेलडॉर्फ, स्कॉटलंड. मैदाने मोठी, प्रशिक्षक अमेरिकन, खेळाडू बहुतांशी अमेरिकेतून पाठवलेले, स्थानिक खेळाडू नावापुरते. मधली दोन वर्षे सोडता हा खटाटोप 2007 पर्यंत चालला, आणि बंद पडला तेव्हा सहांपैकी पाच संघ एकट्या जर्मनीत उरले होते. दरवर्षी काही कोटी डॉलरचा तोटा होत होता. बार्सिलोनाच्या संघाने 1997 चे विजेतेपद जिंकूनही 2003 नंतर गाशा गुंडाळला. इटलीत या लीगचा संघ कधीच नव्हता. तिथे होते ते वर्गणीवर चालणारे, रात्री सराव करणारे, पिझ्झावर खेळणारे क्लब. त्या इटलीने 2021 मध्ये माल्मोच्या अंतिम सामन्यात स्वीडनला 41-14 ने हरवून युरोपचे विजेतेपद घेतले. त्याआधीची तिची विजेतेपदे 1983 आणि 1987 ची.

यावर कुणी म्हणेल की निवडक उदाहरण घेतले की काहीही सिद्ध करता येते. आक्षेप रास्त आहे. युरोपात या खेळाचा सर्वांत भक्कम पाया जर्मनीत आहे, तिथली लीग 1979 पासून चालू आहे आणि 2022 मध्ये म्युनिकला एनएफएलचा अधिकृत सामना झाला तेव्हा तिकिटांसाठी झुंबड उडाली. जर्मनीची कीर्ती काही जेवणासाठी नाही. पण जर्मन क्लब कसे चालतात ते पाहिले तर माझा मुद्दा फार हलत नाही. तिथे प्रत्येक खेळाचा नोंदणीकृत मंडळाचा साचा आहे, त्याचे क्लबघर असते आणि सामन्यानंतर सॉसेज-बिअरभोवती तीच मंडळी जमते. पदार्थ उत्कृष्ट असलाच पाहिजे असे मी म्हणत नाही. एकत्र जेवणे झाले पाहिजे. पार्मात पदार्थही उत्कृष्ट आहे, हा प्रशिक्षकाचा नशिबाचा भाग. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. इटलीच्या राष्ट्रीय संघात अमेरिकेत वाढलेले, पण पूर्वजांमुळे इटालियन नागरिकत्व असलेले खेळाडू असतात. मग विजय टेबलाचा की पासपोर्टचा? इथे मला माघार घ्यावी लागते, पण अर्धीच. वरच्या पातळीवर काही जागा अशा खेळाडूंनी भरल्या, हे खरे. परंतु बाकीचे बहुतेक खेळाडू गावोगावच्या क्लबांतून येतात, आणि ते क्लब चाळीस वर्षे जगले नसते तर पासपोर्टवाल्यांना खेळायला संघच नसता.

तिसरा आक्षेप आहाराचा, आणि तो थोडा बारकाईने पाहायला हवा. खेळाडूला चीज, लोणी आणि तळलेली पोळी खाऊ घालून प्रशिक्षण कसे होणार, असे पोषणतज्ज्ञ विचारतील. या खेळात शरीर पाच-सहा सेकंद पूर्ण ताकदीने काम करते आणि मग तीस-चाळीस सेकंद सावरते. अशा स्फोटक श्रमाला स्नायूंतला साठा लागतो आणि तो साठा पिष्टमय पदार्थांतून भरतो. त्या हिशेबाने पास्ता हे काही वाईट अन्न नाही. पार्मिजानोत शंभर ग्रॅमला तीसेक ग्रॅम प्रथिने असतात आणि दीर्घ मुरण्याने दुधातली साखर जवळपास संपलेली असते, त्यामुळे दूध न पचणाऱ्यालाही ते सोसते. प्रश्न पदार्थाचा कमी आणि घड्याळाचा जास्त आहे. जड जेवण आणि जोरदार सराव यांत तीन-चार तासांचे अंतर हवे. इटालियन रीत या बाबतीत सोयीची आहे, कारण मुख्य जेवण सरावानंतर येते. घोटाळा होतो तो सकाळी. अमेरिकन प्रशिक्षक सवयीने सात वाजता कडक सत्र ठेवतो, हे गृहीत धरून की खेळाडू अंडी-बटाटे खाऊन आला असेल. इटालियन माणसाची न्याहारी म्हणजे एक कापुचिनो आणि एक गोड पाव. त्यावर दोन तास धावायला लावले तर भोवळ येणारच, आणि दोष खेळाडूच्या तयारीला दिला जातो. ज्याने चार दिवस त्यांच्याबरोबर खाल्ले आहे तो एकतर वेळ बदलेल किंवा आदल्या रात्री सांगून ठेवेल.

ही केवळ सोयीची बाब नाही. पो नदीचे खोरे जुलैत दमट आणि वारा पडलेले असते. हेल्मेट आणि पॅडे चढवली की घाम वाळायला वाव राहत नाही. मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर हा धिप्पाड व्यावसायिक खेळाडू 2001 मध्ये सराव शिबिरातच उष्माघाताने गेला. त्यानंतर अमेरिकेत शरीराला उन्हाची सवय हळूहळू, दहा-चौदा दिवसांत लावण्याचे नियम कडक होत गेले. एका आठवड्याच्या शिबिरात तेवढा अवधीच नसतो, म्हणून पहिले दोन दिवस पॅडांशिवाय घेणे आणि कोण काय खातो-पितो याच्यावर लक्ष ठेवणे हाच मार्ग. दुपारच्या टेबलावर कुणी पाण्याऐवजी वाइन घेतो आहे हे तिथे बसलेल्यालाच दिसणार. पंचांगाचेही तसेच. 15 ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते, त्या सुमारास गावेच्या गावे समुद्राकडे किंवा डोंगरात गेलेली असतात. अमेरिकेत मात्र ऑगस्ट हा शिबिरांचा महिना. अमेरिकन पंचांग घेऊन आलेल्याला मैदान रिकामे सापडेल.

उरतो तो शेवटचा आक्षेप, की हे सगळे पर्यटनाला दिलेले तात्त्विक वेष्टन आहे. असे वेष्टन खरोखर दिले जाते, यात शंका नाही. मिशिगन विद्यापीठाचा संघ एप्रिल 2017 मध्ये प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्याबरोबर रोमला गेला, तिथे सराव केला, हार्बॉ यांनी पोप फ्रान्सिस यांना संघाचे हेल्मेट आणि बूट भेट दिले. त्या खेळाडूंच्या शिक्षणाच्या दृष्टीने सहल उत्तमच. पण तो संघ आपल्या आपल्यात सराव करून परतला. इटलीतल्या खेळावर त्याचा परिणाम शोधायला बसले तर फार काही हाती लागणार नाही. सहल आणि शिबिर यांतला फरक शोधायला एकच प्रश्न पुरे आहे: प्रशिक्षक गेल्यावर पुढच्या आठवड्याचा सराव कोण घेतो? त्या जागी गावातला कुणी उभा राहत असेल, तर जेवणावर घातलेला वेळ कारणी लागला.

आपल्याकडे हा विषय वाटतो तितका परका नाही. 2011 मध्ये अमेरिकन भांडवलावर भारतात ‘एलीट फुटबॉल लीग’ निघाली. कर्ट वॉर्नर, माइक डिटका अशी तिकडची बडी नावे तिच्या पाठीशी होती. ‘पुणे मराठाज’, ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ असे संघ झाले. खेळाडूंत रग्बीतून आलेले होते, शिकवायला अमेरिकन प्रशिक्षक होते आणि पहिल्या हंगामाचे सामने टीव्हीसाठी श्रीलंकेत खेळवले गेले. संघाच्या नावात पुणे होते, पण पुण्यातल्या किती पेठांना त्याचा पत्ता लागला? स्पॅगेटी बाउलमध्ये जितकी स्पॅगेटी होती, तितकेच त्यात पुणे होते. लीग रुजली नाही. मुलांत दम होता, पण त्यांच्याभोवती क्लब नव्हता.

तरी गोष्ट तिथे संपलेली नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेण्याचा निर्णय तिथे झाला, आपल्या वर्तमानपत्रांनी तेवढाच मथळा केला. त्याच यादीत फ्लॅग फुटबॉलही होता. ही अमेरिकन फुटबॉलची हलकी आवृत्ती. पाच-पाच खेळाडू, पॅडे नाहीत, पाडापाडी नाही, कमरेला लावलेली फीत ओढली की प्रयत्न संपला. साहित्याचा खर्च नगण्य, शाळेच्या मैदानावर आणि मुलींनाही सहज खेळता येतो. 2022 च्या वर्ल्ड गेम्समध्ये पुरुषांच्या स्पर्धेत अमेरिकेपाठोपाठ रौप्यपदक इटलीने मिळवले, म्हणजे पिझ्झावर खेळणाऱ्यांना इथेही वाव आहे. ऑलिंपिकच्या ओढीने येत्या काही वर्षांत परदेशी प्रशिक्षक पुण्या-मुंबईकडे शिबिरे घ्यायला येतील, असा माझा होरा आहे. त्यांना बोलावणाऱ्या संस्थांना एक विनंती. पाहुण्याला तिखट सोसणार नाही या काळजीने त्याची सोय हॉटेलात करू नका. संध्याकाळच्या सरावानंतर त्याला खेळाडूंच्या पंगतीत बसवा, आणि दुभाष्याला त्याच्या शेजारी जागा द्या.